जरा ऊब द्या

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या जुन्या मोटारीच्या उजव्या डोळ्यात पाणी साचले. दिव्याची काच काढावी नि आतून पुसावी, एवढाच माझा बेत. मी सरळ पेचकस घेऊन बसलो. कडेचा एक टवका उडाला. काच मात्र तसूभरही हलली नाही!

"सर, जोर नको, ऊब द्या," गॅरेजमधला मिस्त्री म्हणाला.

ही काच म्हणजे मुळी काच नव्हेच. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक. ब्युटिल रबराच्या चिकट पट्टीने ती बसवलेली. काही दिव्यांना उबेलाही न बधणारा डिंक असतो, म्हणून मिस्त्रीने आधी ते पाहून घेतले. मग बल्ब, स्क्रू, क्लिपा काढल्या, हातमोजे चढवले आणि हीटगन एका जागी न थांबवता कडेभोवती फिरवीत राहिला. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास ब्युटिल सैल पडते. १४७ अंशांच्या सुमारास ते प्लॅस्टिकच मऊ होते. सारी खुबी या दोहोंमधल्या अंतरात! काच अलगद सुटली.

घरी आलो. गुणपत्रिकेवरून मी कडाडल्यापासून चिरंजीव आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते, आणि मी रोज पेचकसच चालवीत होतो. त्या रात्री चहाचे दोन कप घेऊन त्याच्या खोलीत गेलो नि मुकाट्याने बसून राहिलो.

चहा संपता संपता तो म्हणाला, "बाबा, निघाली का काच?"