निष्क्रिय खातं

आमच्या शाखेत सत्कार दोघांचाच होतो. एक निवृत्त होणाऱ्याचा आणि दुसरा पहिल्या फटक्यात परीक्षा पास होणाऱ्याचा. मी सीएआयआयबीची परीक्षा चौथ्या खेपेला पास झालो, तेव्हा पेढे माझे मीच आणले. आमच्या हेड कॅशिअरनी एक तोंडात टाकला, एक खिशात टाकला आणि म्हणाले, "सुटलात बुवा एकदाचे!"

घरी येऊन सौ.ला म्हटलं, "पहिल्यांदा बसणाऱ्याला नुसता अभ्यास करावा लागतो. चौथ्यांदा बसणाऱ्याला शिवाय शाखेत तोंड दाखवावं लागतं! खरी शाल त्याला हवी."

"ट्रंकेत आहे. काढून घ्या," ती म्हणाली.

अशा दुखावलेल्या मनाने मी मुरलीकांत पेटकरांची हकीकत वाचायला घेतली आणि माझ्या शालीचा विषय आपोआप मिटला. सांगली जिल्ह्यातला हा गडी सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुष्टियुद्ध संपलं. मग हा पठ्ठ्या पाण्यात उतरला आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सोनं घेऊन आला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक!

आणि पद्मश्री? २०१८ साली. अर्जुन जीवनगौरव तर जानेवारी २०२५ मध्ये.

मी पडलो बी.कॉम. वजाबाकी केल्याशिवाय राहवेना. सदतीस सेकंदांच्या कामाची पोच सेहेचाळीस वर्षांनी! आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं निष्क्रिय होतं. मग खातेदाराने कागदपत्रं घेऊन यायचं आणि 'तो मीच' हे पटवून द्यायचं. इथे मात्र खातेदार चांगला जागा होता. जमा करून मोकळा झाला होता. निष्क्रिय होतो ते आपण, काउंटरच्या अलीकडचे!

पडलेला माणूस उठून जिंकला की हार घालायला आपण धावतो, तेही उशिरा. पण तो उठायची धडपड करत असतो, तेव्हा त्याच्याजवळ कोण असतं?

परवा आमच्या शाखेतला एक पोरगा परीक्षेत दुसऱ्यांदा आपटला. खाली मान घालून लेजर बघत बसला होता. मी पाव किलो पेढे घेऊन गेलो आणि पहिला त्याच्या हातावर ठेवला.

"नापास झाल्याचे पेढे?" हेड कॅशिअरनी विचारलं.

"आगाऊ भरतोय," मी म्हटलं. "मागाहून व्याज फार चढतं."

त्यांनी एक तोंडात टाकला. दुसरा, सवयीप्रमाणे, खिशात.