बघणाऱ्याची लाज

हगणाऱ्याला नाही तर निदान बघणाऱ्याला तरी लाज असावी, ही म्हण सध्या डोक्यातून जात नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी ती साफ उलटी होते. तिथे सगळी लाज निजलेल्याच्याच वाट्याला येते आणि बघणाऱ्याने आपली बाजूला ठेवल्याशिवाय काम होत नाही. घरात आम्ही दोघीच असलो तरी सासूबाई म्हणतात, "दार लाव गं." मग कुशीवर वळवलं की डोळे मिटून घेतात. माकडहाडापाशी कातडी लाल झाली का, हे मला नीट बघावंच लागतं. मान फिरवली तर तिथे जखम होणार. म्हणजे म्हणीतला बघणारा निराळा. तो बघून निघून जातो. पुसायला थांबत नाही.

हे पुसणं कोणाचं काम, ते शोधायला ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा वाचून काढला. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार त्यात आहेत. मुलगा, मुलगी, नातवंडं जबाबदार. सुनेचं नाव नाही. कोणी कोणाचं अंग पुसावं, याबद्दल अक्षर नाही. असावं का? बाईला बाईनेच हात लावावा असा नियम केला, तर एकुलता एक मुलगा असलेल्या आईने काय करायचं?

राहून राहून मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं खाटेला खिळलेल्या अरुणा शानबाग आठवतात. १९७३पासून २०१५पर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांचं सगळं केलं. इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, त्यांच्या वतीने बोलायचा हक्क या रुग्णालयाचाच. जो करतो त्याने बोलावं, हे मला मनापासून पटलं होतं.

पण मग शिरूर आठवतं. १९९४मध्ये तिथल्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं ससूनमध्ये काढली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. तिथेही बोलले ते त्यांना सांभाळणारेच. संमतीशिवाय असं काही करायला दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने मनाई केली, आणि ते योग्यच झालं. तरी केईएमची ती खाट आणि शिरूरचं वसतिगृह यांच्यामधली रेघ नेमकी कुठे ओढायची, ते मला सांगता येत नाही. पुसणाऱ्या हाताला हक्क मिळतो, की त्याच्यावरच जास्त नजर हवी?

सासूबाईंना बोलता येतं. बाहेरची मावशी ठेवू का, की मीच बरी, असं त्यांना विचारायला हवं. पण विचारणं म्हणजे त्यांना पुन्हा उघडं पाडणंच होईल, असं वाटून मी गप्प राहते. आणि हे त्यांच्यासाठी की माझ्या सोयीसाठी, तेही कळत नाही.