नऊ पल्सचं देणं

काकांकडे मी कधी नोकरीला नव्हतो. नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या शेजारच्या गाळ्यात ते सीएनसी मशिनांची कार्डं दुरुस्त करायचे. पण आज माझ्या हातून जे काही नेमकं काम होतं, ते त्यांच्यामुळे.

तेव्हा आम्ही द्राक्षांच्या शीतगृहासाठी तापमान नोंदवणारी पेटी बनवली होती. आत मायक्रोकंट्रोलर, वेळ राखणारी डीएस१३०७ आणि नोंदी साठवणारी ईईप्रॉम. तिघंही आय-टू-सी बसच्या दोन तारांवर. टेबलावर सगळं सुरळीत चाले. शीतगृहात मात्र मध्येच नोंदी थांबत. रीसेट दाबून उपयोग नसे. वीज बंद करून पुन्हा दिली की पेटी लगेच सुरू. आम्हा सगळ्यांचा संशय प्रोग्रॅमवर.

काकांनी प्रोग्रॅम बघायला मागितलाच नाही. "पुन्हा अडकली की वीज काढू नकोस. तशीच राहू दे, मला बोलव," म्हणाले. आणि खरंच आले. त्यांच्या टेबलावर दोन कार्डं उघडी पडली होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी आले. मीटर लावला. क्लॉकची तार एससीएल ५ व्होल्टवर, डेटाची तार एसडीए जवळजवळ शून्यावर.

"कुणीतरी तार धरून बसलंय बघ."

मग वहीत आकृती काढून त्यांनी समजावलं. फिलिप्सने १९८२ साली काढलेल्या या बसवर तार वर कुणी ढकलत नाही. जो तो ती खाली ओढतो किंवा सोडून देतो. वर नेतो तो पुल-अप रेझिस्टर. त्यामुळे एकाने धरून ठेवली की सगळ्यांचं बोलणं बंद. कॉम्प्रेसर सुरू होताना आमचा पुरवठा क्षणभर खाली यायचा. ४.३ व्होल्टखाली कंट्रोलर रीसेट होई, पण ईईप्रॉम २.५ व्होल्टपर्यंत जागीच राही. ती वाचली जात असताना हे घडलं, तर ती शून्याचा बिट तारेवर धरून पुढच्या क्लॉकची वाट पाहत राही. आणि क्लॉक देणारा मागचं सगळं विसरून नव्याने उठलेला.

उपाय एवढाच: सुरुवातीलाच एसडीए मोकळी सोडून एससीएलवर ९ पल्स द्यायचे. उरलेले बिट निघून जातात, पोच न मिळाल्याने मेमरी तार सोडते. मग स्टॉप.

त्या ओळी त्यांनी मला लिहायला लावल्या. वीज न तोडता, अडकलेल्या त्याच पेटीवर प्रोग्रॅम चढवला. स्कोपचा प्रोब ते स्वतः धरून बसले. मधल्याच एका पल्सला एसडीए वर आली. मी पैशांचं विचारलं, तर काका रागावलेच.

असं शिकवणारा माणूस प्रत्येकाला शेजारी मिळत नाही, म्हणून त्यांचं सांगणं इथे लिहून ठेवतो. बस अडली तर घाईने वीज तोडू नका. आधी दोन्ही तारांवर मीटर लावा. वीज गेली की पुरावाही जातो.