मी ‘रिसेट’ म्हणालो होतो

उमेदीची सगळी वर्षं मी वीज उपकेंद्रांतल्या संरक्षण रिलेंच्या टेस्टिंगमध्ये घालवली. या कामात माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या बहुतेक एखाद्या इंग्रजी शब्दापाशी सुरू झाल्या. नव्याने नोकरीला लागलेली मुलं हल्ली माझ्याकडे शिकायला येतात. त्याच शब्दांपाशी ती अडखळली तर मला बरं वाटतं, कारण मग ती विचारतात. काळजी वाटते ती न अडखळता पुढे जाणाऱ्यांची. मी तसाच पुढे गेलो होतो.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाइनवर झाड पडलं, तार तुटली, ट्रान्सफॉर्मरच्या आत वेढे जळाले, की करंट आणि व्होल्टेज बदलतात. रिले त्यांच्यावर नजर ठेवून असतो आणि बिघाड दिसताच ब्रेकरला उघडण्याचा हुकूम देतो. यालाच आम्ही ट्रिप म्हणतो. आपल्याकडच्या पॅनलवर दोन देशांची इंग्रजी एकत्र नांदते. आकडे अमेरिकन पद्धतीचे: ५० म्हणजे तत्क्षणी चालणारा ओव्हरकरंट, ५१ वेळ घेऊन चालणारा, २१ डिस्टन्स, ८७ डिफरन्शियल, ८६ लॉकआउट म्हणजे आमचा मास्टर ट्रिप, ५२ खुद्द ब्रेकर. शब्द मात्र बहुतांशी ब्रिटिश वळणाचे. अमेरिकन माणूस ‘ग्राउंड’ म्हणतो तिथे आपण ‘अर्थ’ म्हणतो, तो ‘टाइम डायल’ म्हणतो तिथे आपण ‘टाइम मल्टिप्लायर’. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, मग डिप्लोमा. इंग्रजी कळत नाही असं कुणाला वाटू नये याचा मला फार धाक असायचा. न कळलेला शब्द मी संदर्भाने लावून घ्यायचो आणि बहुतेकदा तो बरोबर लागायचा, त्यामुळे सवय पक्की झाली.

पहिली चूक लहान होती. एका नव्या पॅनलचं वायरिंग तपासताना ट्रिप सर्किटवर देखरेख करणाऱ्या रिलेचा अलार्मसाठी वापरलेला कॉन्टॅक्ट मला बंद स्थितीत सापडला. म्हणजे वाट जोडलेली होती. पॅनलला तेव्हा डीसी दिलेला नव्हता. मी म्हटलं, नॉर्मल परिस्थितीत अलार्म वाजायला नको, तेव्हा इथे ‘नॉर्मली ओपन’च हवा. वायर काढून दुसऱ्या कॉन्टॅक्टवर घातली. खरं तर नकाशातलं ‘नॉर्मल’ म्हणजे रिलेला वीजच नाही, तो कपाटात ठेवलेला आहे, ती अवस्था. हा रिले उपकेंद्र सुरळीत चालू असताना कायम ऊर्जित असतो, म्हणून त्याचा ‘नॉर्मली क्लोज्ड’ कॉन्टॅक्ट रोजच्या कामकाजात उघडाच राहतो. डीसी दिला त्या क्षणी हूटर बोंबलू लागला आणि मूळ वायरिंग करणाऱ्या फिटरने काही न बोलता वायर परत जागेवर घातली. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही.

‘रीच’ने मात्र नुकसान केलं. डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटने भागून बिघाड किती दूर आहे ते मोजतो. पहिला झोन साधारण लाइनच्या ८० टक्क्यांपर्यंत ठेवतात आणि तो विनाविलंब ट्रिप देतो. दुसरा झोन पुढच्या उपकेंद्राच्या पलीकडे जातो, पण काही दशांश सेकंद थांबून. एका २२० केव्ही लाइनवर झाडाच्या फांदीमुळे बिघाड झाला. गस्तीत सापडलेली जागा लाइनच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, तरी रिले दुसऱ्या झोनमध्ये चालला होता. फांदीतून आणि ठिणगीतून वाट काढणाऱ्या करंटला जादा रोध लागला होता, म्हणून रिलेला बिघाड होता त्याहून लांब दिसला. याला ‘अंडररीच’ म्हणतात, कारण रिलेचा हात आखूड पडला. मी अहवालात लिहिलं ‘ओव्हररीच’. माझा हिशेब असा की रिलेने अंतर जास्त दाखवलं, म्हणजे तो पुढे गेला. ओव्हररीच झालेल्या रिलेवर उपाय म्हणजे पहिला झोन कमी करणं. माझा अहवाल वाचून तो ८० वरून ७० टक्क्यांवर आणला गेला. आधीच आखूड पडणारा हात आम्ही आणखी आखूड केला. पुढच्या मोसमात त्याहून जवळचे बिघाडही दुसऱ्या झोनवर जाऊ लागले, आणि प्रत्येक वेळी त्या जादा वेळात भोवतालच्या गावांचं व्होल्टेज खाली बसत राहिलं. चूक एका वरिष्ठांनी हेरली. त्यांनी मला अहवाल दाखवला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि कुणाचा हात, कुठून कुठे, ते चित्र काढून दाखवायला सांगितलं. चित्र काढतानाच मला कळलं.

हात फाजील लांब झाला तर काय होतं, तेही देशाने पाहिलं आहे. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन तिसऱ्या, म्हणजे आणखी लांब पोचणाऱ्या झोनवर ट्रिप झाली. लाइनवर बिघाड नव्हता. भार वाढलेला आणि व्होल्टेज पडलेलं, त्यामुळे तो भारच रिलेच्या तिसऱ्या झोनच्या हद्दीत शिरला आणि रिलेने त्याला बिघाड मानलं. याला ‘लोड एन्क्रोचमेंट’ म्हणतात. उत्तर ग्रिड कोसळलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेसह पूर्व आणि ईशान्य ग्रिडही. त्या घटनेच्या चौकशीचा अहवाल मी शिकवताना अजून वापरतो.

तिसरी चूक संगणकाच्या पडद्यावर झाली. एका ३३/११ केव्ही उपकेंद्रातले जुने चकतीवाले सीडीजी रिले काढून नवे न्यूमेरिकल बसवायचे होते. जुन्या रिलेच्या पाटीवर ‘नॉर्मल इन्व्हर्स’ असं असायचं: सेटिंगच्या दहापट करंटला, टाइम मल्टिप्लायर १ असेल तर ३ सेकंद. नव्या रिलेच्या यादीत ‘नॉर्मल’ नव्हतं. होतं ते आयईसीचं ‘स्टँडर्ड इन्व्हर्स’, आणि खाली आयईईईचं ‘मॉडरेटली इन्व्हर्स’. मॉडरेट म्हणजे बेताचं, फार तीव्र नाही. हेच आपलं नॉर्मल असणार, असं मी ठरवलं. इनकमरला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सगळ्या लाइनना (फीडरना) वीज देणाऱ्या मुख्य ब्रेकरच्या रिलेला, तो वक्र घातला. फीडरचे रिले सहकाऱ्याने लावले आणि त्याने न चुकता स्टँडर्ड इन्व्हर्स घेतला.

आता आकडे बघा. फीडरचं सेटिंग ३०० अँपिअर, मल्टिप्लायर ०.१. इनकमरचं ६०० अँपिअर, ०.१५. फीडरवर ३००० अँपिअरचा बिघाड झाला तर फीडरचा रिले ०.३० सेकंदात ट्रिप द्यायचा. इनकमर स्टँडर्ड इन्व्हर्सवर असता तर ०.६४ सेकंद थांबला असता. तेवढ्यात फीडरचा ब्रेकर उघडून बिघाड वेगळा झाला असता आणि बाकी गाव चालू राहिलं असतं. हे जे मधलं अंतर, त्याच्यासाठीच ग्रेडिंगचा सगळा खटाटोप असतो. मी निवडलेल्या वक्रावर तोच ०.१५ आकडा ०.२५ सेकंद देतो. इनकमर फीडरच्या आधी सुटत होता.

कमिशनिंगच्या वेळी मी टाइम टेस्ट केली होती. पण टेस्ट किटला अपेक्षित वेळ रिलेच्याच सेटिंगमधून मिळत होता. सांगितलेल्या वक्रावर रिले बरोबर चालला आणि पडद्यावर हिरवं ‘पास’ आलं. वक्रच चुकीचा आहे हे किटला कळायचं काही कारण नव्हतं. हाताने सूत्र घालून एक आकडा काढला असता, तर तिथल्या तिथे दिसलं असतं.

मग कुठल्याही फीडरवर मोठा बिघाड झाला की सगळं गाव अंधारात, पाणीपुरवठा आणि ग्रामीण रुग्णालय धरून. मी संशय घेतला तो फीडरच्या ब्रेकरवर: तो सावकाश उघडत असणार. मेन्टेनन्सच्या माणसांनी भर उन्हात ब्रेकर उघडले, यंत्रणा साफ केल्या, ग्रीस भरलं, टायमिंग घेतलं. ब्रेकर ठणठणीत होते. शेवटी इनकमरच्या रिलेत पाचपट करंट सोडला आणि आलेला वेळ वहीतल्या जुन्या सीडीजीच्या तक्त्याशी ताडला, तेव्हा मला घाम फुटला. त्याच दुपारी सेटिंग बदललं आणि मेन्टेनन्सच्या माणसांना जाऊन सांगितलं की तुमचं काम वाया गेलं ते माझ्यामुळे.

एवढा मोकळेपणा मी आधी दाखवायला हवा होता. कारण सगळ्यांत जड चूक त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती मी तेव्हा लपवली.

एका १३२ केव्ही उपकेंद्रातून रात्री तीनच्या सुमारास फोन आला. ऑपरेटर माझ्याहून वयाने मोठे, अनुभवी. “साहेब, २५ एमव्हीए ट्रान्सफॉर्मर ट्रिप झालाय. डिफरन्शियलचा फ्लॅग आहे, बुकहोल्झ ट्रिप पण आलंय. सगळ्या खिडक्या लुकलुकतायत.” मी झोपेत होतो. म्हणालो, “फ्लॅग लिहून घ्या आणि रिसेट करा. मी निघतोच.”

मला म्हणायचं होतं अनन्सिएटर, म्हणजे अलार्मच्या खिडक्यांची पेटी, रिसेट करा. त्या पेटीवर तीन बटणं असतात: अ‍ॅक्सेप्ट, रिसेट, टेस्ट. हूटर थांबवा, खिडक्या विझवा, एवढंच. पण पॅनलवर रिसेट एका जागी नसतो. रिलेचा फ्लॅग वर ढकलायची दांडी म्हणजे रिसेट. आणि ८६ चा मास्टर ट्रिप हाताने जागेवर आणणं, तेही रिसेटच. हा शेवटचा सगळ्यांत गंभीर, कारण ८६ पडलेला असेपर्यंत ब्रेकर बंद करण्याचा मार्गच तोडलेला असतो. डिफरन्शियल आणि तेलातला गॅस ओळखणारा बुकहोल्झ दोन्ही चालले म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पोटात काहीतरी झालं आहे. गॅस तपासल्याशिवाय, मेगर आणि रेशो या चाचण्या घेतल्याशिवाय तो परत सेवेत घ्यायचा नसतो. टेस्टिंगचा माणूस स्वतः पाहून सांगेपर्यंत ८६ ला हात लावायचा नसतो.

ऑपरेटरनी माझं ऐकलं. टेस्टिंगचा इंजिनिअर ‘रिसेट करा’ म्हणतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर घ्यायला हरकत नाही, असा अर्थ त्यांनी लावला. शहरातून फोनवर फोन येत होते. त्यांनी ८६ रिसेट केला आणि ट्रान्सफॉर्मर चार्ज केला. मी पोचलो तेव्हा व्हेंटचा पडदा फाटून तेल बाहेर आलं होतं आणि खडीवर पसरलं होतं. कंट्रोल रूमपर्यंत त्याचा वास येत होता. यार्डात त्या वेळी कुणी नव्हतं, म्हणून माणूस वाचला. पहिल्या बिघाडात जे थोडक्यात आटोपलं असतं, ते दुसऱ्या वेळी वाइंडिंग बदलण्यापर्यंत गेलं.

चौकशीत माझा जबाब झाला. मी लिहिलं, “ट्रान्सफॉर्मर चार्ज करण्याची सूचना मी दिलेली नाही.” ते अक्षरशः खरं होतं. ‘रिसेट’ हा शब्द मी जबाबात येऊच दिला नाही. कुणी विचारलंही नाही. ऑपरेटरना मेमो मिळाला आणि त्यांची वेतनवाढ रोखली गेली. मी गप्प राहिलो. नवी नोकरी, घरची जबाबदारी, ही कारणं मी स्वतःला सांगत राहिलो. तितक्याच जबाबदाऱ्या त्यांनाही होत्या.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं बोललो. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “साहेब, तुमचा निरोप मी लॉगबुकात त्याच वेळी लिहिला होता. वेळ घालून, तुमच्याच शब्दांत. चौकशीत लॉगबुक कुणी उघडलं नाही आणि मीही उघडायला लावलं नाही.” मी विचारलं, का? त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांची वेतनवाढ मी परत मिळवून देऊ शकलो नाही. फाइल बंद झाली होती आणि मी दिलेलं पत्र तिला जोडलं गेलं, एवढंच.

त्यानंतर मी फोनवर ‘रिसेट’ हा शब्द एकटा उच्चारलेला नाही. मुलांनाही तेच करायला लावतो. तुम्ही या कामात असाल तर माझी विनंती आहे: फोनवर सूचना देताना रिलेचं नाव, त्याचा आकडा आणि करायची कृती, तिन्ही सांगा. “अनन्सिएटर रिसेट करा, फ्लॅग तसेच राहू द्या, ८६ ला हात लावू नका, ट्रान्सफॉर्मर घेऊ नका.” समोरच्याकडून ते परत वदवून घ्या आणि त्याला लॉगबुकात लिहायला सांगा. आणि कधी चौकशीला बसायची वेळ आली, तर लॉगबुक तुम्ही स्वतः मागा, मग त्यात तुमचं नाव असलं तरी.