छत्तीस पाकिटं

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल उशिराच कळतो. मला तर लेकामुळे कळला. गेल्या रविवारी त्याने १९८७ चा टॉप्सच्या कार्डांचा सीलबंद खोका आणला. "बाबा, तू अमेरिकेत आलास ना, त्याच वर्षीचा आहे!"

३६ पाकिटं, प्रत्येकात १७ कार्डं, म्हणजे ६१२. पूर्ण संच ७९२ चा, तेव्हा एका खोक्यात तो पुरा होणं शक्यच नाही. कार्डांना लाकडी फळीसारखी किनार. च्युइंगमचा पार पापड झालेला, त्याला टेकलेल्या कार्डांवर डाग. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे का, असं एकेक तपासत बसलो.

बॅरी बॉन्ड्स निघाला, अगदी सडपातळ! मग मार्क मॅग्वायर. त्याने १९९८ मध्ये ७० होमरन मारले आणि २०१० मध्ये स्टेरॉइड्सची कबुली दिली. कार्डावरच्या पोराला यातलं काहीच ठाऊक नाही.

किंमत? त्या काळी कार्डं भरमसाट छापली गेली आणि पुढे भाव येईल म्हणून सगळ्यांनीच जपली. म्हणूनच बहुतेकांना भाव नाही.

त्याच साली आईने पाठवलेली निळी एरोग्राम माझ्याकडे आहेत. कोपरे दुमडलेले, घड्यांवर विरलेली. ग्रेडिंगमध्ये दहापैकी एक मिळेल. पण प्रत एकच. लेकाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

खोक्याला माझे दहापैकी सहा. पुढच्या रविवारी पत्रं काढणार आहोत. मी वाचेन, तो ऐकेल.