काटेरी रान

माजलगावला गेलो असता यजमान मला सिंदफणेकाठचे ‘जंगल’ दाखवायला घेऊन गेले. पाहतो तो काय, बोरी, बाभळी आणि हिवर!

“हे कसले जंगल? ही तर झुडपे!” मी हसलो.

“अहो, अ‍ॅमेझॉनला पाऊस उदंड, म्हणून तिथे सदाहरित अरण्य. सायबेरियात बर्फ, म्हणून सूचिपर्णी. आमच्या नशिबी अवर्षण, म्हणून काटेरी. पाणी जपायला पाने बारीक, गुरांपासून बचावाला काटे!”

घरी येऊन पुस्तक उघडले. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतातील वनांचे १६ गट पाडले. त्यांत काटेरी वनाचाही मान आहेच.

अशा रानाला ‘पडीक’ म्हणून आपण नांगर घालतो! बोरीने माझी बाही फाडली, ती उगीच नव्हे.