भिंतीवरील पाहुणे

पिंप्राळ्यास आमचे वडिलोपार्जित घर आहे. त्याच्या दिवाणखान्यात एक वारली चित्र टांगलेले आहे. गेरूच्या रंगाच्या जमिनीवर पांढऱ्या रेषांची माणसे, मध्ये तारपा वाजविणारा एक जण, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा वेटोळा फेर आणि एका अंगास घोडा. चित्र मूळ नव्हे, छापील प्रत आहे. प्राध्यापकाच्या वेतनात मूळ चित्र बसत नाही. मुंबईहून आणून आम्ही त्यास काच बसविली. येणाऱ्याजाणाऱ्यास त्याविषयी माहिती सांगण्याची आम्हांस हौस आहे. मात्र ज्या भिंतीवर ते टांगले आहे, त्या भिंतीची हकीकत आम्ही आजवर कोणास सांगितलेली नाही.

आमची माहिती बहुधा जिव्या सोमा म्हसे यांच्यापासून सुरू होते. 1975 साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये या वारली चित्रकाराचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. डहाणू तालुक्यातील गंजाड गावचा हा शेतकरी. चित्रशाळा त्याने पाहिली नव्हती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारल्यांच्या पाड्यांवर हिंडत होते. त्यांनी कागद आणि पांढरा रंग पुढे केला आणि भिंतीवरचे देव प्रथमच गावाबाहेर पडले.

हे देव भिंतीवर येत, ते लग्नाच्या निमित्ताने. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहावयाचा, त्यात पालघट देवी बसवावयाची. चौकाशिवाय लग्न नाही. देवीच्या शेजारी पंचशिऱ्या. नाव पंचशिऱ्या, पण या वीरास शिर मुळीच नाही. मानेतून धान्याची पाच कणसे फुटलेली! आम्ही तीस वर्षे वर्गात ग्रीकांचे अश्वमानव आणि इंग्रजांचे ड्रॅगन समजावून सांगितले. पण मस्तकाच्या जागी पीक उगवलेला देव आपल्याच राज्यात, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर नांदत आहे, हे आम्हांस चाळिशी उलटल्यावर एका पुस्तकातून कळले. लग्न उरकले की या पाहुण्यांचे काम संपे. पुढे चुलीच्या धुराने म्हणा, नव्या सारवणाने म्हणा, ते आले तसे निघून जात. कोणी काढले, हे खाली लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

यावर विद्वानांचा एक आक्षेप असतो, की बायकांची ही कला एका पुरुषाने उचलली, ती लग्नापासून तोडली आणि दालनात नेऊन टांगली. आम्हीही काही काळ तो मोठ्या आवेशाने मांडीत असू. परंतु म्हसे यांच्या बालपणाची जी गोष्ट सांगतात, ती ऐकल्यावर आमचा आवेश ओसरला. आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाची वाचा बसली. बोलणे बंद झाले, तेव्हा तो धुळीत बोटाने चित्रे काढून आपले म्हणणे सांगू लागला. तेथे ना चौक होता, ना लग्न, ना सवाशीण. त्या पोराचे एकट्याचे प्रदर्शन तेव्हाच सुरू झाले होते. मुंबईस त्याला फक्त कागद आणि प्रेक्षक मिळाले. पुढे 1989 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे गेली, 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामाबरोबर ती मांडली गेली, 2011 साली पद्मश्री आली. 2018 साली ते वारले. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे एखादे चित्र जवळून पाहावे. सबंध कागदभर बारीक विणलेल्या रेषा, आणि जाळे जणू वाऱ्याने फुगलेले. रेघ न् रेघ सवडीने, कशाचीही घाई नसलेल्या माणसाने ओढलेली.

आता भिंतीची हकीकत. आमची आई दर नागपंचमीस याच भिंतीवर गेरू आणि चुन्याने नाग काढीत असे. नऊ नाग, त्यांची पिले, एक विंचू आणि कडेस एक प्राणी, ज्याचे नाव तिलाही ठाऊक नव्हते. तिच्या आईने काढला म्हणून ती काढी. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी महाविद्यालयातील काही प्रतिष्ठित मंडळी आमच्याकडे जेवावयास येणार होती. आम्ही ती भिंत घासून काढविली आणि तिला फिकट पिवळा ऑइल पेंट दिला. ‘‘आता यावर काही काढू नकोस, भिंत खराब होते,’’ असे आईस बजावलेही. ती काही बोलली नाही. पुढल्या पंचमीपासून बाजारातून नागाचा छापील कागद येऊ लागला.

त्याच भिंतीवर वारली चित्र टांगले, तेव्हा आई ते बराच वेळ न्याहाळीत उभी राहिली. मग घोड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘लगीन कोनाचं हाय रे?’’

कोणाचे नाही, शोभेसाठी आहे, असे आम्ही सांगितले.

‘‘मंग हे पुसतीन कधी?’’

आम्ही हसलो. सौभाग्यवती हसल्या नाहीत.

गेल्या श्रावणात आमची चूक सुधारावी, असे आमच्या मनाने घेतले. छापील कागद आणू नये, आईनेच नाग काढावा, असा आम्ही आग्रह धरला. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, हात कापतो. तरी तिने सहाणेवर गंध उगाळून घेतले आणि चित्राच्या खाली, भिंतीवर पहिली रेघ ओढली. ऑइल पेंटवर गंध धरेना. रेघ घसरली, ओघळ झाला, तो थेट जमिनीपर्यंत गेला. दुसऱ्यांदा ओढली, तीही तशीच. आम्ही गेरू आणतो म्हणालो, ब्रश आणतो म्हणालो. तिने मान हालविली, पदराने भिंत पुसून घेतली आणि पाट मागितला.

पाटावर नऊ नाग उमटले, विंचू उमटला, कडेचा तो निनावी प्राणीही आला. त्यास या खेपेस पाच पाय होते. पूर्वी किती असत, ते आम्ही कधी पाहून ठेवले नव्हते. दूध, लाह्या, नैवेद्य झाला. तिन्हीसांजेस तिने पाट धुतला आणि वाळण्यासाठी त्या भिंतीशी उभा करून ठेवला.